बोलण्याची किंमत कुणाला किती

टोरोंटोच्या पार्कडेल भागात माझं काम भाडेकरू आणि घरमालक यांच्यातले तंटे सोडवण्याचं. दोन्ही पक्षांना एका टेबलाशी बसवायचं, प्रत्येकाला बोलू द्यायचं आणि भाडं, गळती, ढेकूण, उंदीर यांतून काहीतरी लेखी तडजोड काढायची. याच पार्कडेलला लोक ‘लिटल तिबेट’ म्हणतात. क्वीन स्ट्रीटवर मोमोंची हॉटेलं आहेत, प्रार्थनेच्या पताका विकणारी दुकानं आहेत आणि संध्याकाळी चुबा हा तिबेटी झगा घातलेल्या म्हाताऱ्या बायका माळ ओढत फिरताना दिसतात. माझ्या कामातले कितीतरी भाडेकरू तिबेटी होते आणि माझी एक सहकारीही तिबेटी. कर्नाटकातल्या बायलाकुप्पे वसाहतीत वाढलेली, त्यामुळे आमचं आपसातलं बोलणं हिंदीतच व्हायचं.

२४ नोव्हेंबर २०२२ला शिनजियांगमधल्या उरुम्ची शहरात एका इमारतीला आग लागली. सरकारी आकड्यानुसार दहा माणसं गेली. कोविडच्या टाळेबंदीमुळे लोकांना बाहेर पडता आलं नाही, असा संताप चीनभर उसळला आणि हातात कोरे कागद धरून तरुण रस्त्यावर आले. टोरोंटोतले चिनी विद्यार्थीही इथल्या चिनी वाणिज्य दूतावासासमोर मेणबत्त्या घेऊन जमले. तिथे उइघुर होते, तिबेटीही होते. माझी सहकारी गेली होती. गर्दी पांगताना तोंडावर मास्क लावलेली एक चिनी मुलगी तिच्याकडे आली आणि तिने विचारलं, “तुमच्या लोकांचं काय झालं, ते आम्हाला कधी नीट कुणी सांगितलंच नाही. कुठे बसून बोलता येईल का?”

सहकारी दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला म्हणाली, “आचा-ला, मी स्वतः एका बाजूची आहे. मी ही बैठक चालवली तर ती बैठक राहणार नाही. तू चालव.” आचा-ला म्हणजे ताई.

मी लगेच हो म्हटलं नाही, पण नाही म्हणणंही मला जमणार नव्हतं. माझं गाव अर्जुनी मोरगाव. तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यात होता, १९९९ नंतर गोंदियात गेला. गावापासून जवळच गोठणगावला नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, १९७२ सालची. आम्ही तिला तिबेटी कॅम्पच म्हणायचो. थंडीच्या दिवसांत ही माणसं स्वेटर विकायला शहरोशहरी जात आणि पावसाळ्यात आमच्यासारखाच धान लावत. पठारावरून आलेल्या माणसांनी झाडीपट्टीच्या उन्हात आणि चिखलात रोवणी शिकून घेतली. लहानपणी त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. घर सोडून परदेशात राहायला लागल्यावर तेच आठवून छातीत कळ येऊ लागली. मी मनात आलं तर तिकीट काढून गावी जाऊ शकते. त्यांना जाता येत नाही.

पुढचे काही महिने बैठक झालीच नाही. झाल्या त्या एकेकट्या भेटी. माझ्या मते या कामाचा निम्म्याहून जास्त भाग तोच आहे आणि बहुतेक उत्साही लोक नेमका तोच टाळतात. एखादा हॉल घ्यायचा, दोन्हीकडच्या लोकांना बोलवायचं, ‘मैत्री मेळावा’ असा फलक लावायचा, एकमेकांना ‘खाता’ ही मानाची तिबेटी पांढरी शाल आणि फुलं द्यायची आणि फोटो काढायचे. असे मेळावे मी पाहिले आहेत. त्यांत कुणी कुणाला काही विचारत नाही.

चिनी विद्यार्थ्यांच्या भेटीत पहिला विषय तिबेट नसायचाच. पहिला विषय भीती. फोटो निघेल का? आमच्या नावांची यादी कुणाकडे राहील? वीचॅटवर काही लिहायचं नाही ना? एकाने सांगितलं की त्याच्या ओळखीतल्या मुलाने परदेशात निदर्शनात भाग घेतला आणि गावी त्याच्या आईवडिलांच्या दारी पोलीस येऊन बसले. २००८ची गोष्टही त्यांच्यात फिरत होती. त्या वर्षी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तिबेटच्या बाजूचे आणि चीनच्या बाजूचे असे दोन जमाव समोरासमोर उभे होते. एक चिनी विद्यार्थिनी दोघांच्या मधे उभी राहून ‘आधी बोला तरी’ एवढंच सांगत होती. तिला इंटरनेटवर देशद्रोही ठरवलं गेलं, तिच्या आईवडिलांचा पत्ता जाहीर केला गेला आणि त्यांना घर सोडून लपावं लागलं. पंधरा वर्षांपूर्वीची ही घटना या मुलांना कालची वाटत होती.

तिबेटी बाजूची भीती वेगळी. ल्हासात किंवा अम्दो या तिबेटी प्रदेशात ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांची अडचण चिनी मुलांपेक्षाही मोठी, कारण परदेशातल्या माणसाशी नुसतं फोनवर बोलणंही तिकडे चौकशीला कारण ठरतं. भारतात जन्मलेल्यांना ती भीती कमी होती. त्यांचा प्रश्न निराळा होता. एक तरुण म्हणाला, “मी तिथे बसायचं आणि आमचा देश होता हे पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायचं? जन्मभर तेच करतोय.” २०१९मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या स्कारबरो परिसरात एक तिबेटी मुलगी विद्यार्थी संघाची अध्यक्ष निवडून आली, तेव्हा तिच्यावर ऑनलाइन हजारो शिव्यांचा आणि धमक्यांचा पाऊस पडला होता. ही आठवण इथल्या प्रत्येक तिबेटी मुलाच्या मनात ताजी होती.

आणि मग ज्येष्ठ. एक पा-ला, म्हणजे वडीलधारे आजोबा, वय ऐंशीच्या घरात. त्यांनी मला लोण्याचा खारा चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बोलून काय मिळालं आम्हाला?” त्यांच्या प्रश्नाला पुरावा होता. दलाई लामांनी १९८७मध्ये वॉशिंग्टनला पाच कलमी शांतता योजना मांडली. १९८८मध्ये स्ट्रासबर्गला ते त्याही पुढे गेले. स्वातंत्र्याची मागणी बाजूला ठेवून खऱ्या स्वायत्ततेवर तोडगा काढायला ते तयार झाले. २००२ ते २०१० या काळात त्यांचे दूत लोदी ग्यारी आणि केलसांग ग्याल्त्सेन यांच्या चिनी अधिकाऱ्यांशी नऊ फेऱ्या झाल्या. २००८मध्ये त्यांनी चीनच्याच राज्यघटनेच्या चौकटीत बसणाऱ्या स्वायत्ततेचा लेखी मसुदा दिला, तो फेटाळला गेला. जानेवारी २०१०ची फेरी शेवटची. २०१२मध्ये दोन्ही दूतांनी राजीनामे दिले.

मी पा-लांना खरं तेच सांगितलं. या बैठकीतून सरकारं हलणार नाहीत, आणि हलतील असं भासवलं तर ती तुमची फसवणूक होईल. पण ज्या चिनी माणसांना सरकारने काही कळू दिलं नाही, त्यांच्यापैकी काहींना तुमच्या तोंडून कळेल. ते बराच वेळ माळ फिरवत राहिले. बैठकीला ते आले नाहीत, पण नातीला पाठवलं.

माझ्यावरही शंका होत्या आणि त्या रास्त होत्या. मी भारतीय. चिनी मुलांच्या लेखी भारत म्हणजे १९६२चा शेजारी आणि दलाई लामांना ठेवून घेणारा देश. एकाने सरळ विचारलं, “तुमचं सरकार यात आहे का?” मी माझी नोकरी, माझा पगार कुठून येतो, खोलीचं भाडं कोण देतं, सगळं सांगितलं. खोली सार्वजनिक ग्रंथालयाची होती, फुकट. कुठल्याही सरकारचा, संस्थेचा पैसा घ्यायचा नाही हे तेव्हाच ठरलं आणि आजवर पाळलं आहे.

भाषेचा प्रश्न मला वाटला होता त्याहून अवघड निघाला. इंग्रजी सगळ्यांना थोडीफार यायची, पण दुःख सांगण्याइतकी कुणाचीच नव्हती. अम्दोतून आलेली एक मुलगी मँडरिन, म्हणजे चीनची सरकारी भाषा, अस्खलित बोलायची, कारण शाळा त्याच भाषेत झाली होती. भारतात वाढलेल्यांना मँडरिनचं अक्षर कळत नव्हतं, ते माझ्याशी हिंदीत बोलायला लागायचे आणि चिनी मुलं एकमेकांकडे बघायला लागायची. मी खोलीत हिंदी बंद केली, चहाच्या वेळीसुद्धा. प्रत्येकाने आपापल्या भाषेत बोलायचं आणि दुभाष्याने वाक्यावाक्याला थांबून सांगायचं, असं ठरलं. यात वेळ दुप्पट लागतो. पण वाद व्हायला लागला की हा दुप्पट वेळच वाचवतो, कारण उत्तर तोंडाशी आलेल्या माणसाला थांबावं लागतं. शिवाय आणखी एक गोष्ट घडली. तिबेटी भाषा ऐकायला चिनी माणसं गप्प बसून वाट बघत आहेत, हे दृश्य त्या अम्दोच्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिला मँडरिन येत असूनही तिने त्या दिवसापासून खोलीत तिबेटीतच बोलायचं ठरवलं.

नियम मोजकेच होते. फोन दाराजवळच्या टोपलीत. खरं नाव सांगायची सक्ती नाही. इथे ऐकलेलं बाहेर सांगायचं तर कुणाचं ते सांगायचं नाही. आणि पहिल्या काही बैठकांत ‘तिबेट चीनचा भाग आहे की नाही’ हा प्रश्न घ्यायचा नाही. त्यावर दोन्हीकडची पाठ केलेली उत्तरं तयार असतात. ती उत्तरं एकदा बाहेर पडली की माणसं त्यांच्या मागे जाऊन बसतात.

सुरुवात शाळेपासून केली. लहानपणी तुम्हाला काय शिकवलं? चिनी मुलांनी राजकन्या वेनचेंगची गोष्ट सांगितली. सातव्या शतकात चीनच्या तांग घराण्यातली राजकन्या तिबेटच्या राजाला दिली गेली आणि तिने तिथे बियाणं, विणकाम, संस्कृती नेली. भारतात वाढलेल्या तिबेट्यांनाही वेनचेंग ठाऊक होती. सोंगत्सेन गाम्पो राजाच्या राण्यांपैकी ती एक, दुसरी नेपाळची भृकुटी. ल्हासाच्या जोखांग मंदिरातली जोवो बुद्धमूर्ती वेनचेंगने आणली अशी त्यांची श्रद्धा आहे आणि तिबेटी माणूस त्या मूर्तीसमोर आजही साष्टांग नमस्कार घालतो. एका मुलाने विचारलं, “म्हणजे तुम्ही तिचा राग करत नाही?” पा-लांची नात म्हणाली, “तिचा का करू? ती सून म्हणून आली. पण सून आली म्हणून कुणी घराचा सातबारा तिच्या माहेरच्या नावावर करत नाही.” तिने अर्थातच सातबारा म्हटलं नव्हतं, घराचे कागद म्हटलं होतं, पण माझ्या कानाला तसंच ऐकू आलं.

मग तिनेच जोखांगसमोरच्या दगडी स्तंभाचा विषय काढला. इसवी सन ८२१-२२मध्ये तांग साम्राज्य आणि तिबेट यांच्यात तह झाला आणि तो दोन्ही भाषांत स्तंभावर कोरला गेला. तिबेटी तिबेटच्या भूमीत सुखी राहतील, चिनी चीनच्या भूमीत, असं त्यात आहे. चिनी मुलांपैकी एक इतिहासाची विद्यार्थिनी होती. तिला तह ठाऊक होता, पण मामा-भाच्याच्या नात्याचा, दोन घराणी जवळ आल्याचा पुरावा म्हणून. पुढच्या वेळी तिने चिनी मजकूर छापून आणला आणि सीमेबद्दलची वाक्यं स्वतः मोठ्याने वाचून दाखवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला मात्र त्या मुलीचा फार अभिमान वाटला.

सगळं असं चाललं नाही. एक जण, इंजिनिअर, थोडा मोठा, दोन-तीनदा आला आणि दर वेळी तेच मांडत राहिला. जुन्या तिबेटमध्ये भूदास होते, १९५९नंतर त्यांची मुक्तता झाली, २००६मध्ये रेल्वे ल्हासाला पोहोचली, रस्ते झाले, दवाखाने झाले, तरी ही माणसं कृतघ्न. २००९पासून २८ मार्च हा दिवस तिकडे ‘भूदास मुक्ती दिन’ म्हणून साजरा होतो, हेही त्याने सांगितलं. तिबेटी मुलं उसळली. मी त्याला बाहेर काढलं नाही. चीनमध्ये कोट्यवधी माणसं प्रामाणिकपणे असंच मानतात, आणि खोलीत फक्त आधीच पटलेली माणसं असतील तर ती खोली कशाला हवी? उत्तर एका तिबेटी शिक्षकाने दिलं, त्यांना सगळे गेन-ला म्हणत. जुन्या समाजात अन्याय होता हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. दलाई लामांनी तरुण वयात सुधारणांचा प्रयत्न केला होता, तोही सांगितला. आणि मग विचारलं, “रेल्वे कुठे न्यायची, खाण कुठे खणायची, मुलांनी कुठल्या भाषेत शिकायचं, हे ठरवताना आम्हाला कुणी विचारलं?”

इंजिनिअरकडे याला उत्तर होतं की नव्हतं, मला माहीत नाही, पण इतिहासाच्या विद्यार्थिनीने आणखी एक गोष्ट टेबलावर ठेवली. २००८च्या ल्हासातल्या उद्रेकानंतर बीजिंगमधल्या काही वकिलांच्या आणि अभ्यासकांच्या गोंगमेंग या संस्थेने त्याच्या सामाजिक आणि आर्थिक कारणांचा अहवाल २००९मध्ये काढला होता. विकासाचा लाभ स्थानिक तरुणांना मिळत नाही, ते आपल्याच भूमीत उपरे होत आहेत, असं चिनी माणसांनी चिनी भाषेत लिहिलं होतं. लेखक वांग लिशियोंग यांनी २००८मध्ये इतर विचारवंतांसह सरकारला बारा सूचना केल्या होत्या, दलाई लामांशी थेट बोला अशीही त्यांत मागणी होती. २०१०मध्ये त्यांनीच ट्विटरवर दलाई लामा आणि चिनी नागरिक यांची प्रश्नोत्तरं घडवून आणली. त्यांची पत्नी त्सेरिंग वोएसेर तिबेटी, आणि लिहिते चिनीत. खोलीतल्या बहुतेक चिनी मुलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना धक्का तिबेटी दुःखाचा बसला त्याहून जास्त याचा बसला की आपल्याच माणसांनी हे सांगितलं होतं आणि ते आपल्यापासून लपवलं गेलं.

सर्वांत जड गेली ती दुष्काळाची बैठक. हनान प्रांतातल्या एका मुलाने आजीची गोष्ट सांगितली. १९५९ ते ६१च्या त्या दुष्काळात आजीने झाडाची साल उकळून खाल्ली होती आणि तिची दोन भावंडं गेली होती. घरात हे कुणी बोलत नसे. आजीने मरायच्या आधी एकदाच सांगितलं. तो बोलता बोलता रडला. अम्दोची मुलगी म्हणाली की तिच्या पणजोबांच्या गावातही त्याच वर्षांत माणसं भुकेने गेली. दलाई लामांखालोखाल मान असलेल्या दहाव्या पांचेन लामांनी १९६२मध्ये तिबेटी भागांतली ही उपासमार आणि अत्याचार सत्तर हजार अक्षरांच्या निवेदनात लिहून थेट पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्या हाती दिले होते, आणि त्यापायी त्यांना पुढे कित्येक वर्षं कैदेत काढावी लागली. खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं, की आता दोन्ही बाजू एका ठिकाणी आल्या.

तेव्हा ती मुलगी थांबून म्हणाली, “तुझ्या आजीची भूक खरी आहे, मला तिच्यासाठी वाईट वाटतं. पण त्या दुष्काळानंतर तुझ्या घरात तुझी भाषा राहिली. माझा भाचा सहा वर्षांचा आहे. त्याला निवासी शाळेत ठेवलंय. तो आईशी मँडरिनमध्ये बोलतो.” संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी फेब्रुवारी २०२३मध्ये म्हटलं होतं की सुमारे दहा लाख तिबेटी मुलं अशा सरकारी निवासी शाळांत आहेत. तो आकडा आम्ही सगळ्यांनी वाचला होता, पण त्या दिवशी त्यातल्या एका मुलाची मावशी समोर बसली होती.

भाडेकरू आणि घरमालकांच्या कामात मला शिकवलं होतं की मध्यस्थाने दोन्ही पारडी समान धरायची. दोघांना सारखी मिनिटं, दोघांच्या तक्रारी एकेक करून फळ्यावर. इथे मी ते सोडून दिलं. हनानच्या मुलाचं दुःख आणि अम्दोच्या मुलीचं दुःख शेजारी ठेवता येतात, पण एकमेकांतून वजा करता येत नाहीत. त्यापुढे मी मिनिटं मोजली नाहीत. बोलण्याची कुणाला काय किंमत मोजावी लागेल, हे आधी विचारायला लागले आणि त्याप्रमाणे बसण्याची, बोलण्याची, गप्प राहण्याची जागा आखायला लागले. ज्याचे आईवडील चीनमध्ये आहेत त्याने नुसतं ऐकलं तरी चालेल. ज्या तिबेटी माणसाला आज आठवण काढायची नाही, त्याला कुणी प्रश्न विचारायचा नाही. आणि चिनी मुलांना अपराधी वाटायला लागलं तर त्यांचं सांत्वन करण्याचं काम तिबेटी मुलांवर टाकायचं नाही, त्यासाठी माझ्याकडे वेगळं यायचं. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. चांगल्या मनाच्या माणसाचे अश्रूसुद्धा समोरच्यावर ओझं होऊ शकतात.

काही जण सोडून गेले. एका चिनी मुलीने निरोप पाठवला की घरून फोन आला होता, यापुढे येता येणार नाही, कृपया माझा नंबर पुसून टाका. मी तो त्याच मिनिटाला पुसला. एक तिबेटी तरुण गेला, कारण त्याला संपूर्ण स्वातंत्र्य हवं आहे आणि ज्यांना स्वातंत्र्याऐवजी स्वायत्ततेचा मध्यममार्ग मान्य आहे अशा आपल्याच माणसांशी बोलतानाही त्याला थकवा येत होता. त्यालाही मी थांबवलं नाही.

राहिले त्यांच्यात काय झालं? १० मार्च हा १९५९च्या ल्हासाच्या उठावाचा दिवस. त्या दिवशी इथे तिबेट्यांचा मोर्चा निघतो. आता त्यात मास्क लावलेली काही चिनी मुलं असतात, हातात हाताने लिहिलेला चिनी फलक असतो आणि तिबेटी स्वयंसेवक फोटो काढणाऱ्यांना त्यांच्यापासून दूर ठेवतात. हनानचा मुलगा अम्दोच्या मुलीकडे तिबेटी लिपी शिकायला गेला होता. तिने आधी नाही म्हटलं. मग एक अट घातली, की शिकलास तर तुझ्या चिनी मित्रांपैकी एकाला तूच शिकवायची. तो आता अक्षरं जोडून वाचतो.

२०२५च्या जुलैमध्ये दलाई लामा नव्वद वर्षांचे झाले आणि दलाई लामांच्या पुनर्जन्माची परंपरा पुढे चालेल, पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार फक्त त्यांच्याच गादेन फोद्रांग ट्रस्टला असेल, असं त्यांनी जाहीर केलं. चीन सरकारने अवतारांना सरकारी मान्यता लागेल असा नियम २००७पासूनच करून ठेवला आहे. १९९५मध्ये सहा वर्षांच्या गेधुन चोक्यी न्यिमा यांना पांचेन लामा म्हणून ओळखल्यावर तीन दिवसांत ते नाहीसे झाले, ते आजवर कुणाला दिसले नाहीत. पुन्हा तसंच होईल का, हा प्रश्न पा-लांच्या नातीने मांडला आणि एका चिनी मुलाने विचारलं, “तेव्हा आम्ही काय करायला हवं असं तुम्हाला वाटतं?” त्यावर खोलीत अजून एकमत नाही. कुणी म्हणतं चिनी भाषेत माहिती पसरवा, कुणी म्हणतं आधी स्वतःला सुरक्षित ठेवा, गेन-ला म्हणतात चिनी बौद्धांशी बोला, त्यांची संख्या मोठी आहे आणि श्रद्धाही. पुढची बैठक त्यावरच आहे. पा-लांनी यावेळी नातीबरोबर यायचं कबूल केलं आहे, आणि जिन्याचा त्रास नको म्हणून आम्ही ग्रंथालयात तळमजल्यावरची खोली मागून घेतली आहे.